‘ध’ चा ‘मा’ आणि इंग्रजी कागद



भाषेवर बोलायला विद्वानांना बोलवावे असा व्याख्यानमालांचा रिवाज आहे, आणि तो योग्यच आहे. आमच्यासारख्या कामगार-कार्यकर्त्याने महागाईवर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर कायद्यावर बोलावे. तेव्हा सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांवर आम्ही बोलणार म्हटल्यावर पुष्कळांना नवल वाटले असेल. आमचे इंग्रजी कॉलेजातले नाही. शाळाच आम्ही लवकर सोडली. जे काही थोडेफार इंग्रजी आले ते तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेतून आले, आपल्या गावच्या १८४० सालापासूनच्या सार्वजनिक वाचनालयातल्या कोशांतून आले, आणि खरे सांगायचे तर सर्वांत जास्त नोटिसांतून आले. शेक्सपिअर वाचण्यासाठी इंग्रजी शिकणारे वेगळे आणि आरोपपत्र वाचण्यासाठी शिकणारे वेगळे. आम्ही दुसऱ्या पंथातले. या पंथाचा एक गुण असा की, त्यात प्रत्येक अक्षर जपून वाचावे लागते; कारण अक्षर चुकले तर गुण कापले जात नाहीत, पगार कापला जातो.

विषयाला हात घालण्यापूर्वी आपल्याच पंचक्रोशीतली एक गोष्ट आठवू. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीपासून जवळच, गंगापूर रस्त्यावर, आनंदवल्ली आहे. राघोबादादांनी आपल्या पत्नीच्या, आनंदीबाईंच्या नावावरून या ठिकाणाला हे नाव दिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी की, गारद्यांना दिलेल्या आज्ञेत मूळ शब्द होता ‘धरावे’, आणि आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला. इतिहासकार या आख्यायिकेला पुरावा मागतात, आणि तो मागितलाच पाहिजे. पण लोकांनी ही गोष्ट अडीचशे वर्षे जपून ठेवली, तिच्यातून एक वाक्प्रचारच तयार केला, याचा अर्थ काय? अर्थ असा की, कागदावरचे एक अक्षर फिरले तर माणसाचा जीव जाऊ शकतो, हे आपल्या लोकांनी फार पूर्वीच ओळखले होते. आज आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच की, इंग्रजी कागदावर ‘ध’ चा ‘मा’ करायला कोणी आनंदीबाई लागत नाही. ती भाषा आपल्या अंगच्या गुणानेच तो करून ठेवते.

कोणी म्हणेल, असे शब्द मराठीत नाहीत काय? आहेत. पुष्कळ आहेत. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. एक मे रोजी ‘कामगार दीन’ असे रंगवलेले फलक आम्ही पाहिले आहेत. रंगाऱ्याने वेलांटी चुकवली, पण सत्य चुकवले असे म्हणवत नाही! कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवलेले पत्र ‘दीनबंधू’ होते. त्यातली वेलांटी ऱ्हस्व करा, गरिबांचा भाऊ जाऊन दिवसाचा भाऊ उरतो. शिर आणि शीर, सुत आणि सूत, पाणि आणि पाणी, हे शाळेत सगळ्यांनीच घोकले आहे. त्याहून मोठे उदाहरण आमच्या धंद्यातले. ‘शोषक’ आणि ‘शोषित’. फरक एका वेलांटीचा आणि शेवटच्या अक्षराचा. पण एक छातीवर बसलेला आणि दुसरा खाली दबलेला. हे दोन शब्द गेटमीटिंगमध्ये हजारो वेळा उच्चारले गेले असतील. त्यांची अदलाबदल झाल्याचे आम्ही ऐकले नाही. जो कामगार सही करतानाही अडखळतो, त्याच्याही कानाला तिथे चूक खटकेल.

असे का? कारण भाषा आपली आहे. आपल्या भाषेत शब्दाच्या दारावर कान पहारा करतो. परक्या भाषेत हा पहारेकरी नसतो, एकटा डोळा असतो; आणि डोळा हा मोठा आळशी प्राणी आहे. तो शब्दाचे पहिले अक्षर पाहतो, शेवटचे पाहतो, लांबी पाहतो आणि पुढे सरकतो.

त्यात इंग्रजीचे लिहिणे एक आणि बोलणे दुसरे. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणला. छापखान्याने शब्दांची वर्णरचना हळूहळू पक्की केली, पण लोकांचे उच्चार बदलत राहिले. कपडे शिवून झाले आणि अंग वाढत राहिले, अशी स्थिती झाली. शिवाय फ्रेंचांनी राज्य केले तेव्हा कचेरीचे शब्द फ्रेंचांकडून आले, पंडितांनी लॅटिनमधून आणले, घरचे जुने होतेच. एकाच मुळातून दोन दोन शब्द दोन वाटांनी आले आणि शेजारी शेजारी राहू लागले. भाऊबंद म्हटले की भाऊबंदकी आलीच.

आमच्या कामात पडणाऱ्या या शब्दांचे आम्ही आमच्या सोयीसाठी तीन वर्ग केले आहेत. पहिला, डोळ्याला फसवणारे. दुसरा, कानाला फसवणारे. आणि तिसरा, डोळा आणि कान दोन्ही बरोबर असूनही फसवणारे. हे वर्गीकरण व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही, पण उपयोगी आहे. कारण प्रत्येक वर्गावरचे औषध वेगळे आहे.

पहिला वर्ग घेऊ. ‘एम्प्लॉयर’ आणि ‘एम्प्लॉयी’. शेवटी ई-आर आला तर मालक, ई-ई आला तर नोकर. सगळा वर्गसंघर्ष एका अक्षरात! हा दुहेरी ‘ई’ फ्रेंचांकडून आलेला. ज्याच्यावर क्रिया घडते त्याच्या शेपटीला तो लावतात. ‘लेसर’ म्हणजे भाडेपट्ट्याने देणारा, ‘लेसी’ म्हणजे घेणारा. ‘पेअर’ म्हणजे पैसे देणारा, ‘पेयी’ म्हणजे ज्याला मिळतात तो. संस्कृतातही अशीच सोय आहे; नियुक्त करतो तो नियोक्ता आणि ज्याला करतात तो नियुक्त. ही किल्ली एकदा हाती आली की अर्धे कुलूप उघडते. करारात ‘नुकसानभरपाई एम्प्लॉयरने द्यावी’ आणि ‘एम्प्लॉयीने द्यावी’ ही दोन वाक्ये दुरून सारखीच दिसतात. खिसा मात्र वेगळा.

त्याहून चोरटी जोडी ‘नाऊ’ आणि ‘नॉट’ यांची. एन-ओ-डब्ल्यू म्हणजे आता, एन-ओ-टी म्हणजे नाही. ‘मागणी आता मान्य आहे’ आणि ‘मागणी मान्य नाही’ यांच्यात टंकलेखकाच्या एका बोटाचे अंतर. पुन्हा मौज अशी की, दोन्ही वाक्ये व्याकरणाने शुद्ध. यंत्राने शुद्धलेखन तपासले तरी ते यंत्र काही बोलत नाही. अस्तित्वात नसलेला शब्द यंत्राला कळतो. भलत्या जागी बसलेला खरा शब्द त्याच्या नजरेतून सहज निसटतो.

आता ज्या जोडीसाठी हे व्याख्यान द्यावेसे वाटले ती. ‘कॅज्युअल’ आणि ‘कॉझल’. सी-ए-एस-यू-ए-एल आणि सी-ए-यू-एस-ए-एल. अक्षरे तीच, सहाच्या सहा. फक्त मधली एस आणि यू यांनी जागा बदललेल्या. पहिल्याचा अर्थ प्रासंगिक, तात्पुरता, किरकोळ. दुसऱ्याचा अर्थ कार्यकारणाचा.

पहिला शब्द कामगाराच्या ओळखीचा. रजेच्या मागे आला तर गोड. ‘कॅज्युअल लीव्ह’ सर्वांना हवी. कामगाराच्या मागे आला तर कडू. ‘कॅज्युअल लेबर’ म्हणजे आज आहे, उद्या नाही. दुसरा शब्द मात्र कामगाराच्या कानावर सहसा येत नाही. तो येतो मोठ्या दुर्दैवाच्या वेळी. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. नोकरीतून आणि नोकरी चालू असताना उद्भवलेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे त्याचे सूत्र. २००९ सालच्या दुरुस्तीने त्याच्या नावातला ‘वर्कमन’ जाऊन ‘एम्प्लॉयी’ आला, आणि आता ती तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे. पण सूत्र तेच राहिले. मृत्यू झाला असेल तर मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला मृताच्या वयानुसार ठरवलेल्या आकड्याने गुणून भरपाई काढावयाची. परंतु त्यासाठी नोकरी आणि मृत्यू यांच्यात कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. इंग्रजी कागदात त्याला म्हणतात ‘कॉझल कनेक्शन’.

काही वर्षांपूर्वी एका कामगाराच्या विधवेचा अर्ज तयार होत होता. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. नवरा रात्रपाळीत यंत्रावर गेला. पदरी दोन मुले, सासू अंथरुणाला खिळलेली. अर्ज बाहेरून टंकलिखित होऊन आला, स्वच्छ, सुबक. आमच्या कचेरीत नियम असा की, कोणताही कागद मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय त्यावर कोणाचा अंगठा किंवा सही घ्यायची नाही. आमचा एक तरुण सहकारी वाचू लागला आणि एका जागी थांबला. तिथे लिहिलेले होते, ‘मृत्यू आणि नोकरी यांत कॅज्युअल कनेक्शन आहे.’ म्हणजे काय? नवऱ्याच्या मरणाचा आणि त्याच्या कामाचा संबंध आहे, पण आपला किरकोळ, योगायोगाचा! ज्या वाक्यावर सारा अर्ज उभा, तेच वाक्य मालकाच्या वकिलाच्या हाती आयते दिले जात होते. न्यायाधीश सुज्ञ असतात, लेखनातला दोष ते ओळखतात, हे आम्हांला मान्य आहे. पण ज्या घरी चूल पेटण्याची पंचाईत, त्या घराने ‘हा टंकलेखनाचा दोष आहे’ एवढे सिद्ध करण्यासाठी आणखी दोन तारखा का घालवाव्यात? शब्द दुरुस्त झाला आणि अर्ज गेला. त्या बाईला आम्ही दोन्ही शब्द मराठीत समजावून सांगितले. त्यावर ती एवढेच म्हणाली, “दादा, आमचं माणूस गेलं ते किरकोळ न्हवतं.” कोशातली कोणतीही व्याख्या या वाक्यापुढे फिकी आहे.

या वर्गावरचे औषध तुमच्या लक्षात आलेच असेल. ‘कॅज्युअल’ आणि ‘कॉझल’ दिसायला सारखे, पण बोलायला निराळे. तेव्हा डोळ्याने फसवले तर कानाला बोलवावे. कागद मोठ्याने वाचावा. हे औषध फुकट आहे.

दुसऱ्या वर्गापुढे मात्र हे औषध लागू पडत नाही. हे शब्द कानाला एकच. उदाहरणार्थ, ‘प्रिन्सिपल’. शेवटी पी-ए-एल असेल तर मुख्य, शेवटी पी-एल-ई असेल तर तत्त्व. दोन्हींचे मूळ लॅटिनमधले एकच, ‘पहिला’ या अर्थाचे. एकजण अधिकारात पहिला झाला, दुसरा विचारात. उच्चारात काडीचा फरक नाही. कंत्राटी कामगारांविषयी १९७० साली कायदा झाला, त्यात ‘प्रिन्सिपल एम्प्लॉयर’ असा शब्दप्रयोग आला. एका अभ्यासवर्गात एक गृहस्थ आम्हांला म्हणाले, “कायद्यात तत्त्वनिष्ठ मालक असा वेगळा वर्ग केला, हे फार चांगले झाले, पण आमच्याकडे तसा कोणी नाही.” त्यांचे इंग्रजी चुकले होते, निरीक्षणाबद्दल आम्ही काही बोलत नाही! पण विनोद बाजूला ठेवू. प्रिन्सिपल एम्प्लॉयर म्हणजे मुख्य मालक, ज्याच्या आवारात कंत्राटदाराची माणसे राबतात तो. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी या मुख्य मालकावर येते. ही तरतूद १९७० च्या कायद्यात होती आणि २०२० च्या संहितेतही आहे. सातपूर, अंबड, सिन्नर इथल्या किती कंत्राटी मुलांना हे ठाऊक आहे? कंत्राटदार फोन उचलत नाही म्हणून पगारावर पाणी सोडून ती घरी बसतात. पी-ए-एल ही तीन अक्षरे समजली असती तर त्यांनी दुसरे दार ठोठावले असते.

तसाच ‘वेव्ह’. डब्ल्यू-ए-व्ही-ई म्हणजे लाट, किंवा हात हलवणे. त्यात एक आय घाला, डब्ल्यू-ए-आय-व्ही-ई, म्हणजे हक्क सोडून देणे. उच्चार अगदी एक. नोकरी सोडताना पूर्ण आणि अखेरच्या हिशेबाची पावती पुढे करतात, तीत हा शब्द हटकून असतो. एका पोराने तो वाचून आम्हांला सांगितले, “काका, यात सगळ्या मागण्यांना हात हलवून निरोप द्यायचं लिहिलंय.” पोरगा हुशार होता. शब्द चुकला, पण भावार्थ नेमका सांगितला. फक्त हात हलवायचा होता त्याने, आणि गाडी मात्र मालकाची सुटायची होती.

या वर्गावर औषध एकच, वर्णरचना. शब्दातली अक्षरे एकेक करून मोजावी, कोश उघडावा. मोल्सवर्थ आणि कँडी यांनी १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश पुरा केला, तेव्हापासून आपल्याकडे हे साधन आहे. आता तर तो प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. साधन नाही ही सबब उरली नाही, उरला तो कंटाळा.

याच वर्गाच्या कडेला एक जोडी आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ‘पर्सनल’ म्हणजे खाजगी. ‘पर्सोनेल’, दोन एन आणि शेवटी ई-एल, म्हणजे सारा कर्मचारीवर्ग. उच्चार वेगळे आहेत, पण आपल्याकडे दोघांनाही सरसकट ‘पर्सनल’ म्हणत आले. त्यामुळे कारखान्यातल्या पर्सोनेल मॅनेजरला कामगार वर्षानुवर्षे मालकाचा खाजगी माणूस समजत आला. पुढे त्या खात्याचे नाव बदलून मनुष्यबळ विकास असे झाले. समज बदलला की नाही, ते तुम्हीच सांगा.

आता तिसरा वर्ग. हा सर्वांत कठीण. इथे शब्द बरोबर वाचला, बरोबर उच्चारला, कोशही उघडला; तरी फसगत होते. कारण गाव बदलले की शब्द अर्थ बदलतो. आपल्याच घरचे उदाहरण पाहा. आपण ‘संप’ म्हणतो तेव्हा यंत्रे थांबतात. तोच ‘संप’ गुजराथीत म्हणजे ऐक्य, सलोखा. अक्षर न् अक्षर तेच. सुरत किंवा वापीहून आलेल्या मंडळींना ‘कारखान्यात संप आहे’ म्हटले तर प्रथम त्यांना आनंद व्हायचा! अर्थात ऐक्यावाचून संप होत नाही, एवढा संबंध दोन्ही अर्थांत उरतोच.

इंग्रजीत अशी गत ‘ले-ऑफ’ या शब्दाची. अमेरिकेत आज माणसाला ‘ले-ऑफ’ केले म्हणतात तेव्हा बहुधा त्याची नोकरीच गेलेली असते. आपल्या कायद्यात तसे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’ म्हणजे कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र मोडले, अशा कारणाने तात्पुरते काम न देणे. नाव हजेरीपटावर कायम. पात्र कामगाराला त्या काळात मूळ वेतन आणि महागाईभत्ता यांच्या निम्म्याइतकी भरपाई. कायमचे कमी करणे ते ‘रिट्रेंचमेंट’. त्याची भरपाई पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि नोटीस वेगळी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, पण हा भेद तिच्यातही ठेवलेला आहे. मात्र वृत्तपत्रांत आणि फोनवर येणाऱ्या बातम्या अमेरिकेच्या असतात, त्यामुळे आपली शिकलेली मुलेसुद्धा ‘ले-ऑफ’ म्हणजे सुट्टी झाली असेच समजतात. नोटीस वाचून निमूट गाव गाठतात, दुसरीकडे कामाला लागतात, आणि असलेला हक्क जागच्या जागी वाळून जातो.

कायदा तर कोशालाही मानत नाही. कोशात ‘कंटिन्युअल’ म्हणजे थांबून थांबून पण वारंवार, आणि ‘कंटिन्युअस’ म्हणजे अखंड. शाळेत हा भेद शिकवतात. आता ‘एक वर्षाची कंटिन्युअस सर्व्हिस’ याचा अर्थ कोशाप्रमाणे तीनशे पासष्ट दिवस अखंड नोकरी असा होईल. पण कायद्यात त्याचा अर्थ, बारा महिन्यांत २४० दिवस काम. आणि या २४० दिवसांत पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही धरावयाच्या, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला आहे. ज्यांना दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, त्यांनी हा हिशेब बोटांवर ठेवावा. कोशातला अर्थ धरून बसाल तर ‘आपली सेवा अखंड नाही’ असे स्वतःच म्हणाल, आणि समोरच्याला वादही करावा लागणार नाही.

‘ग्रॅच्युइटी’चेही तेच. कोश उघडला तर अर्थ दिसेल बक्षिसी, खुशी. हॉटेलातल्या वाढप्याला देतात ती. लॅटिनमध्ये तिचे मूळ खूश करणारे, कृपेचे असे आहे. म्हणून जुने मालक ती कृपा म्हणून देत आणि जुने कामगार कृपा म्हणून घेत. १९७२ च्या कायद्याने शब्द तोच ठेवला आणि अर्थ उलटा केला. पाच वर्षांच्या नोकरीनंतर, दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे दिवस सव्वीस धरून. आणि कामगाराचा मृत्यू झाला तर पाच वर्षांची अटही नाही. नव्या संहितेत मुदतबंद नोकरीवाल्यालाही वर्षभरानंतर ती मिळू शकते. म्हणजे शब्दात बक्षिसी आहे, पण व्यवहारात हक्क आहे. हक्काच्या पैशासाठी हात जोडण्याचे कारण नाही.

आम्ही राईचा पर्वत करतो आहोत, असे कोणाला वाटत असेल तर परदेशातल्या दोन गोष्टी सांगतो. ब्रिटनमध्ये कार्डिफ इथे ‘टेलर अँड सन्स’ ही शंभर वर्षांहून जुनी अभियांत्रिकी कंपनी होती. २००९ साली ‘टेलर अँड सन’ नावाची दुसरीच कंपनी बुडाली. तिथल्या कंपनी-नोंदणी कार्यालयाने बुडाल्याची नोंद चुकून पहिलीच्या नावावर केली. एक ‘एस’ वाचायचा राहिला. चूक काही दिवसांत सुधारली, पण तोवर बातमी पसरली होती. माल पुरवणाऱ्यांनी उधारी बंद केली, विश्वास उडाला, आणि चांगली चालती कंपनी कोसळली. सुमारे अडीचशे लोकांच्या नोकऱ्या गेल्या. २०१५ साली न्यायालयाने या चुकीची जबाबदारी नोंदणी कार्यालयावर टाकली. पण त्या अडीचशे माणसांच्या मधल्या सहा वर्षांचे काय? लक्षात घ्या, ही चूक ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांच्या हातून झाली.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. अमेरिकेत मेन नावाचे राज्य आहे. कोणत्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही, याची यादी तिथल्या कायद्यात होती. यादीच्या शेवटी ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ असे म्हणायचे होते, की ‘पाठवणीसाठी पॅकिंग’ हे एक आणि ‘वितरण’ हे दुसरे, असा प्रश्न पडला. मध्ये एक स्वल्पविराम असता तर प्रश्नच नव्हता. तो नव्हता. दुधाच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर म्हणाले, आम्ही वितरण करतो, पॅकिंग करत नाही; तेव्हा आम्हांला ओव्हरटाइम द्या. २०१७ साली अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले, आणि पुढच्या वर्षी कंपनीने पन्नास लाख डॉलरवर तडजोड केली. आम्हांला ही गोष्ट फार आवडते. कारण तिच्यात अक्षर-चिन्हाची बारकाई मालकाच्या नव्हे, कामगाराच्या उपयोगी पडली. जो नीट वाचतो, त्याची बाजू भाषा घेते.

मग करावे काय? दोन टोकांचे उपदेश आपल्याकडे ऐकू येतात. एक म्हणतात, इंग्रजी हाकलून द्या. दुसरे म्हणतात, मराठीत काय ठेवले आहे, मुलांना इंग्रजीच शिकवा. आम्हांला दोन्ही पटत नाहीत. संसदेच्या कायद्यांचा अधिकृत पाठ इंग्रजीत, उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत, हे घटनेच्या ३४८ व्या कलमानेच ठरले आहे. तेव्हा इंग्रजीकडे पाठ फिरवणे म्हणजे शत्रूच्या नव्हे, स्वतःच्या कागदाकडे पाठ फिरवणे. पण म्हणून मराठी कागद मागायचाच नाही काय? १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने, कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ लावण्याचे बंधन घातले होते. १९३६ च्या वेतन कायद्यात आणि १९४८ च्या कारखाना कायद्यातही तशी सोय होती. ती कोणाच्या कृपेने आली नाही. कामगाराला समजत नसलेला नियम त्याच्यावर लादणे अन्यायाचे आहे, हे तत्त्व (पी-एल-ई वाले!) त्यामागे होते. कायदे गेले, संहिता आल्या, तरी हे तत्त्व जाऊ देता कामा नये. शिवाय देवाणघेवाण एकतर्फी नाही. १९४७ च्या त्या इंग्रजी कायद्यात ‘बदली वर्कमन’ असा शब्द होता, तो कायद्याने गिरणीतून उचलला. आपला ‘घेराव’ इंग्रजी कोशांत जाऊन बसला. म्हणजे जिथे आपण जोर लावला, तिथे इंग्रजीनेही आपला शब्द शिकून घेतला.

आमच्या सूचना साध्या आहेत. करार दोन्ही भाषांत असावा, आणि ‘मतभेद झाल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य’ हे वाक्य कुठे दडले आहे ते आधी शोधावे. इंग्रजी कागद मोठ्याने वाचल्याशिवाय सही करू नये. जिथे कान दाद देत नाही तिथे अक्षरे मोजावीत. जिथे अक्षरेही बरोबर असतील तिथे, ‘या शब्दाचा या कायद्यात अर्थ काय?’ हा प्रश्न विचारावा. कोशाने सांगितले म्हणून थांबू नये. आणि ‘उद्या वाचून सही करतो’ म्हणायला लाजू नये. ज्या कागदाला एक रात्र थांबणे सोसत नाही, त्या कागदात काहीतरी आहे असे खुशाल समजावे.

आपल्या नाशिकरोडला १९२८ सालापासून नोटांचा छापखाना आहे. तिथे हजारो नोटा एकासारख्या एक निघतात, आणि एखाद्या नोटेत अक्षर फिरले, आकडा हलला, तर ती बाजूला काढली जाते. ते काम करणारे आपलेच बांधव आहेत. एका अक्षराचे मोल त्यांना कोणी शिकवायला नको. शंभराच्या नोटेवरचे अक्षर आपण इतक्या डोळ्यांत तेल घालून तपासतो. मग ज्या कागदावर माणसाची तीस वर्षांची नोकरी, त्याच्या बायकोचा आधार आणि मुलांचे शिक्षण लिहिलेले असते, त्या कागदावरचे अक्षर तितक्याच काळजीने का तपासू नये?

सभेत सुशिक्षित मंडळी पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतले आहेत, इंग्रजी ज्यांच्या हातचा मळ आहे असे आहेत. त्यांच्याकडे आमचे मागणे आहे, आणि मागण्या मांडण्याची आम्हांला सवयच आहे. आठवड्यातला एक तास द्या. आपल्या गल्लीतल्या, आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या मुलाच्या, रखवालदाराच्या, कंत्राटी पोराच्या हातातला इंग्रजी कागद वाचून त्याला मराठीत समजावून द्या. त्यात मोर्चा नाही, घोषणा नाही, वर्गणीसुद्धा नाही. पण एखाद्या कागदावर ‘ध’ चा ‘मा’ होत असेल, तर तो तिथल्या तिथे थांबेल.

आता आम्ही आपली रजा घेतो. ही रजा मात्र ‘कॅज्युअल’ समजावी.